दादांना हसवण्याचा कट

कट स्वयंपाकघरात शिजला. छबूआत्याने चहाचा चमचा टेबलावर आपटला, जमलेल्यांवरून सेनापतीसारखी नजर फिरवली आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "कळलं ना सगळ्यांना? मी खोकले की सुरुवात करायची."

खोकण्याची खरं तर काही गरज नव्हती. दादा खाली स्टुडिओत कोटाची बटणं लावण्यात गुंतले होते आणि वरचं बोलणं त्यांच्या कानावर जाण्याची शक्यता नव्हती. पण खाणाखुणा नसतील तर तो कट कसला, असं आत्याचं मत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने असे बरेच कट केले होते. दादांच्या नातवाचं लग्न जमवलं तेही अशाच एका कटातून, आणि त्या भानगडीत कोण कोणाशी किती दिवस अबोला धरून होतं ते घरात अजून कोणी विसरलं नव्हतं.

"एकदा नीट सांगा आत्या," सूनबाई म्हणाली. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, कॅमेरा खाली ठेवल्यापासून स्टुडिओ तीच चालवत होती आणि कुठलंही काम आधी नीट समजून घ्यायची तिला सवय होती. "आपण बाबांना हसवायचं."

"हसवायचं."

"तोंड उघडून."

"तोंड उघडूनच. ओठ मिटून हसलेलं धरायचं नाही. दादा आयुष्यभर तसाच हसलाय, उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा."

"आणि त्यांनी तोंड उघडलं की हिने आत बघायचं."

ही म्हणजे नातवाची होणारी बायको, दातांची डॉक्टर. ती बिचारी खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. सासरी पहिल्यांदा निवांत जेवायला बोलावलंय अशा समजुतीने ती आली होती, आणि पर्समध्ये तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊन ये असा निरोप मिळाला तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

"आत्याआजी," ती म्हणाली, "मी पेशंटना सरळ सांगते. 'आ करा' म्हणते. ते करतात."

"ते पेशंट असतात गं. हा माझा भाऊ आहे."

यावर नातवाने जोरात मान हलवली. त्याला घरात सगळे डुलक्या म्हणत. तीन पिढ्या फोटो काढणाऱ्यांच्या घरात जन्मून त्याचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नव्हता. "आजोबांना मी महिनाभर सांगतोय की हिला एकदा दाखवा. काल म्हणाले, लग्न झाल्यावर तुझी बायको तुझे दात पाडेल, तेवढे पुरेत."

गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. चार महिन्यांपूर्वी दादा दुपारी खुर्चीत आ वासून झोपले होते, आणि त्यांची बायको, आत्याची वहिनी, त्यांच्या अंगावर शाल घालायला वाकली तेव्हा तिला त्यांच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. बरोबर तिथेच, जिथे ते तंबाखूचा बार धरत. जागे झाल्यावर तिने विचारलं तर म्हणाले, दूध प्यालो असेन. वहिनीने ते आत्याला सांगितलं, म्हणजे घरभर झालं. तेव्हापासून दादांनी तोंड मिटलं ते मिटलं. चारचौघांत ते काही चावत नसत. बिस्किट चहात बुडवून बुडवून त्याचा लगदा करत आणि चमच्याने पीत. पट्ट्याला त्यांनी स्वतःच खिळ्याने एक नवीन भोक पाडलं होतं.

"आजच जमेल," आत्या म्हणाली. "लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचा फोटो आहे. आयुष्यभर तो कॅमेऱ्यामागे होता, आज समोर बसणार. डोक्यावर एवढे मोठे दिवे. दवाखान्यात तरी असतो का गं एवढा उजेड?"

"नसतो," डॉक्टरने कबूल केलं.

"झालं तर मग."

वहिनीला एकच अडचण होती. "वन्सं, मला हसू आलं तर?"

"तू हस की. तुझ्या तोंडात काय बघायचंय?"

सगळे उठले, जिन्याकडे निघाले. आत्या मुद्दाम मागे राहिली. तिला दोन मिनिटं हवी होती.

जिन्याखाली जुनी अंधारखोली होती, फिल्म धुवायची. फिल्म गेल्या, खोली उरली. नवरा गेल्यावर आत्या माहेरी राहायला आली तेव्हा तिने वरची हवेशीर खोली नाकारून हीच मागून घेतली होती, आणि का ते कोणाला कळलं नव्हतं. कारण तिच्या उशीच्या अभ्र्यात होतं. तपकिरीची डबी.

तपकीर तिने केव्हाच सोडली असं घर धरून चाललं होतं, कारण तिला कोणी शिंकताना ऐकलं नव्हतं. आत्या शिंकणार कशी? ती नाकात ओढतच नव्हती. चिमूटभर घ्यायची आणि खालच्या ओठाच्या आत, हिरडीला दाबून ठेवायची. ना शिंक, ना वास, ना बोभाटा. वर तोंडाने दादांना तंबाखूवरून झापायला ती मोकळी. गेल्या सहा महिन्यांत मात्र तिथे, त्या नेमक्या जागी, जिभेला काहीतरी लागत होतं. खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं. अंधारखोलीतला लाल दिवा अजून तसाच होता. आत्या त्याच्या उजेडात आरसा धरून ओठ खाली ओढायची, आणि लाल उजेडात सगळंच लाल दिसतं, म्हणून वेगळं काही दिसायचं नाही. साध्या दिव्याखाली तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं नव्हतं.

ती घाबरली होती, सरळ सांगायचं तर. मरणाला नाही इतकी. कोणाचा तरी ओठ कापावा लागला, जबडा काढावा लागला, असं तिने ऐकलं होतं. मग बोलायचं कशाने? न बोलता नुसतं जगायचं तर ते कशासाठी?

म्हणून तिने डोकं चालवलं होतं. आईबाप एक, रक्त एक, डबी वेगळी असली तरी तंबाखू एक. दादांची सवय तिच्याहून जुनी. तर डॉक्टरीणबाईंनी दादांचं तोंड बघून 'काही नाही' म्हटलं की आपलंही काही नाही. परीक्षेला दादाने बसायचं, पास दोघांनी व्हायचं. लहानपणी औषध कडू आहे का ते ती अशीच ठरवायची, आधी दादाला पाजून. इतकं साधं आणि इतकं हुशारीचं गणित दुसऱ्या कोणाला सुचलं असतं का? आत्याने स्वतःचीच पाठ थोपटली, ओठात चिमूट ठेवायचा मोह आवरला आणि स्टुडिओत गेली.

दादा खुर्चीत ताठ बसले होते. शेजारी वहिनी. दोन्ही बाजूंना छत्री लावलेले दिवे. डॉक्टरला दादांच्या डाव्या गालापाशी छोट्या स्टुलावर बसवलं होतं आणि तिच्या हातात पांढरा पुठ्ठा दिला होता, चेहऱ्यावर उजेड परतवायला.

"पाहुणीला काय पुठ्ठा धरायला लावता?" दादा ओठ जेमतेम हलवत म्हणाले.

"आवडतं मला, आजोबा."

"मग वर धर. गालावर उजेड पडला पाहिजे."

"तेच बघतेय."

"डुलक्या, उजवा दिवा मागे. मागे! दिवा म्हणतोय, तू नाही. सूनबाई, पडद्याला सुरकुती आहे."

"बाबा, आज तुम्ही फक्त बसायचंय."

"बसूनच सांगतोय."

आत्या खोकली.

सूनबाईने कॅमेऱ्यामागून सुरुवात केली. "बाबा, परवा ओळखपत्राच्या फोटोला एक गृहस्थ आले. फोटो बघून म्हणाले, मागच्या वेळी किती तरुण काढला होतात. मी म्हटलं, साहेब, त्याला पंधरा वर्षं झाली."

"मग?" डुलक्याने ठरल्याप्रमाणे विचारलं.

"म्हणाले, मग तोच कॅमेरा वापरा ना!"

वहिनी फिस्सकन हसली. डॉक्टर हसली, पुठ्ठा हलला. आत्या तर सगळ्यांत मोठ्यांदा हसली, पण रुमाल तोंडावर घट्ट धरून. दादांचे खांदे हलले, नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. ओठ मात्र टाचून शिवल्यासारखे. "हं," ते म्हणाले. "तो गृहस्थ मला माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वीही तरुण नव्हता."

डुलक्याने त्या गृहस्थाची नक्कल केली. मग स्वतःच्या प्राध्यापकांची केली. मग आत्याची, ती दूधवाल्याशी बोलते तेव्हाची, इतकी हुबेहूब की आत्या चिडली आणि चिडता चिडता हसली, पुन्हा रुमालात. दादा गदगदत होते, लाल होत होते, पण झाकण उडत नव्हतं. पन्नास वर्षं लोकांना 'हसा' म्हणणाऱ्या या माणसाने स्वतः कधी दात दाखवले नव्हते. तपकिरी दात फोटोत कसे येतात ते त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

"दुसरं," आत्याने डुलक्याला डोळ्यांनी खुणावलं, आणि पुन्हा खोकली.

दुसरं म्हणजे जांभई. ही कल्पना डुलक्याची. जांभई एकाची दुसऱ्याला लागते, आणि जांभई देताना तोंड मिटून ठेवून दाखवावं कोणी. त्याने दिव्याच्या खांबाला टेकून ऐसपैस, आळोखेपिळोखे देत एक जांभई सोडली. ती लगेच सूनबाईला लागली, खरीखुरी. तिच्याकडून डॉक्टरला, आणि पुठ्ठा खाली आला. वहिनीने तर लागोपाठ दोन दिल्या आणि तिचे डोळे मिटायला लागले. आत्याला आली तेव्हा तिने रुमाल आणि वर हात असं दुहेरी कुलूप लावलं. स्टुडिओत त्या क्षणी जो तो आ वासून उभा होता, एकटे दादा सोडून. त्यांचा जबडा थरथरला. कान हलले. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. त्यांनी ती जांभई गिळली! जांभई गिळणारा माणूस आत्याने जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"तुम्हा सगळ्यांना झोप येत असेल तर फोटो उद्या काढू," दादा म्हणाले.

आत्या घाईने तिसऱ्यांदा खोकली. पण अर्धवट झोपेतल्या वहिनीला वाटलं आता सगळं संपलंच असेल. ती दादांचा हात थोपटत म्हणाली, "अहो, उघडा हो एकदाचं तोंड. त्या पोरीचा हात दुखायला लागला."

डुलक्याची जांभई अर्ध्यावर राहिली.

"असं आहे तर," दादा म्हणाले. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "आणि हे डोकं कोणाचं?"

अशा वेळी माणसं कशी बदलतात बघा. सूनबाईला लेन्सवर धूळ दिसली आणि ती पुसायला लागली. डुलक्या म्हणाला, "मी फक्त दिव्यांचं बघतोय." वहिनीने तर बोट उचलून सरळ दाखवलंच. "वन्संचं."

"मला वाटलंच!" दादा कडाडले. "माझं तोंड आहे ते! मी त्यात तंबाखू धरीन नाहीतर गोट्या! आमचे आजोबा तंबाखू खाऊन ब्याण्णव वर्षं जगले! ब्याण्णव! डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही त्यांनी!"

आत्या बिचकणार, तेवढ्यात तिला समोरचं दिसलं. दादा ओरडत होते, आणि ओरडताना तोंड उघडं होतं. चांगलं ऐसपैस. स्टुलावरच्या डॉक्टरलाही ते दिसलं होतं. तिने पुठ्ठा हळूच मांडीवर ठेवला आणि मान पुढे केली.

इतका वेळ उगाच हसवत बसलो, आत्याच्या मनात आलं. या माणसाला चिडवायचं असतं.

"नव्वद," ती शांतपणे म्हणाली.

"ब्याण्णव!"

"बरं, ब्याण्णव. त्यातली शेवटची पंधरा वर्षं सगळं कुस्करून खायचे. तोंडात एक दात नव्हता. सफरचंद बघून रडायचे ते."

"रडायचे नाहीत! डोळ्यांना पाणी यायचं त्यांच्या!"

"आणि त्यांचे तिघे भाऊ? तेही बार भरायचे. पन्नाशीच्या आत गेले तिघंही. त्यांचं कोणी काढतं का कधी? तुझं आपलं आजोबा, आजोबा!"

"ते कशाने गेले ते काय माहीत तुला? काय माहीत? तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस! एकाला विहिरीवर... दुसऱ्याला..."

"आजोबा," डॉक्टर मधेच गोड आवाजात म्हणाली, "हेच जरा डावीकडे वळून बोलता का?"

आणि दादा वळले. भराच्या भरात वळले आणि भावांपैकी दुसऱ्याचं काय झालं ते तावातावाने सांगायला लागले. वाक्य संपत आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जिभेला काहीतरी गार लागतंय. आरसा होता.

पुढचं कोणालाच नीट सांगता येईना. डुलक्या खांबासकट खाली बसला. सूनबाईने कॅमेऱ्यावर डोकं टेकलं. वहिनी म्हणाली, "अगंबाई, आरसा!" आणि पोट धरून वाकली. दादांनी क्षणभर डोळे वटारले, आरशासकट, आणि मग त्यांचं झाकण उडालं. ते हसले. आ वासून, तपकिरी दात आणि मधल्या दोन खिंडी दाखवत, आवाज करत हसले. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "पन्नास वर्षं झाली, आज पाहिलं मी यांचं हसणं." सूनबाईने तेवढ्यात कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

हसू ओसरलं तसे दादा मागे टेकले. दमल्यासारखे दिसत होते. "बघ बाई," ते म्हणाले. "आता काय राहिलंय. बघ."

डॉक्टरने पर्समधून हातमोजे काढले. आता ती पुठ्ठा धरणारी मुलगी नव्हती. तिने दिवा जवळ ओढून घेतला, गाल बाजूला केला, जीभ उचलायला लावली, हिरड्या दाबून पाहिल्या, गळ्याखाली बोटं फिरवली. आत्या तिच्या पाठीमागे इतकी जवळ उभी होती की तिचा श्वास डॉक्टरच्या मानेवर पडत असावा.

"दोन दात हलतायत," डॉक्टर म्हणाली. "हिरड्या खूप खाली गेल्यात. दुखतं ना चावताना?"

दादांनी मान डोलावली.

"म्हणून तुम्ही खात नाही, आणि खात नाही म्हणून अंगातलं जातंय. पट्ट्याचं मला आजींनी सांगितलं. आजोबा, म्हातारपणी स्वतःचे दात टिकले तर माणूस नीट खातो, हिंडतो, आणि सहसा जास्त जगतोही. तुमच्या आजोबांसारखे एखादे निघतात. बाकीचे गोष्ट सांगायला राहत नाहीत."

"आणि तो चट्टा?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"तंबाखू धरता बरोबर तिथेच आहे. असे बरेच चट्टे तंबाखू सोडल्यावर कमी होतात, जातातही. काही मात्र पुढे कर्करोगाच्या वाटेला लागतात. हा कुठला, ते बघून मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. चिमटीएवढा तुकडा काढून तपासायला द्यायचा."

"या वयात तंबाखू सोडून काय होणार?" दादांनी विचारलं, पण आधीसारखा जोर नव्हता.

"या वयातही फरक पडतो. सोडताना मी मदत करीन. त्रास होईल, चिडाल, पण चिडलात तर आमचाच फायदा आहे."

डुलक्या हसला. आत्याला हसू आलं नाही. हे तिच्या गणितात कुठेच बसत नव्हतं. तिला 'काही नाही' हवं होतं, आणि ही बाई तुकड्याच्या गोष्टी करत होती.

"ते सगळं खरं गं," ती म्हणाली, "पण तुझा साधारण अंदाज काय? म्हणजे असा एवढासा, खरखरीत, कधीतरी झोंबणारा..."

"खरखरीत?" डॉक्टरने मान वळवली. "यांचा तर अगदी गुळगुळीत आहे."

"असेल. मी आपलं म्हटलं. आणि समज, गालात नसून ओठाच्या आत असला, खाली हिरडीपाशी, तरी तेच ना? म्हणजे याचं काही निघालं नाही तर त्याचंही..."

ती थांबली. फार पुढे गेली होती आणि परतायला वाट नव्हती. डॉक्टर तिच्याकडे बघत होती. नजरेत राग नव्हता, हसू तर नव्हतंच.

"आत्याआजी, एकाचं तोंड बघून दुसऱ्याचं सांगता येत नाही. सख्खी भावंडं असली तरी."

"कोणाचं दुसऱ्याचं? मी आपलं उदाहरण..."

"छबे," दादा म्हणाले.

लहानपणापासून ते तिला तसं म्हणत, पण आजकाल क्वचित. आत्याने रुमालाची घडी घालायला सुरुवात केली.

"तू तपकीर सोडलेली नाहीस," दादा म्हणाले. "ओठात धरतेस."

"काहीतरीच! कोणी सांगितलं?"

"सांगेल कोण? घरच्या ग्रुप फोटोंत मी तुला इतकी वर्षं बघतोय. कधीपासून तुझा खालचा ओठ एका बाजूने फुगायला लागला ते मला माहीत आहे. प्रत्येक फोटोत तो फुगवटा मी ब्रशने काढून टाकत आलोय. आधी ब्रशने, मग सूनबाईला कॉम्प्युटरवर सांगून."

आत्याने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई खाली बघत होती. "बाबा म्हणाले होते, कोणाला बोलू नकोस," ती पुटपुटली.

"आणि मला कधी बोलला नाहीस?" आत्याचा आवाज चिरकला.

"काय बोलू? मी तुला बोललो असतो तर तू मला बोलायचं थांबली असतीस. तू घरभर माझ्या नावाने ओरडायचीस, तेव्हा कोणाला तरी माझी काळजी आहे असं वाटायचं." दादांनी घसा साफ केला. "माझंच चुकलं. फुगवटा पुसला की संपलं, असं वाटायचं मला."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते आवडलं नाही, म्हणून ती रागावली, आणि राग टिकला नाही. "दादा, मला भीती वाटते रे," ती म्हणाली. "ओठ कापला तर मी बोलू कशी?"

दादा खुर्चीतून उठले. गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू. वहिनीने आधार द्यायला हात पुढे केला तो त्यांनी आत्याकडे वळवला, आणि दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं.

"मलाही वाटते," दादा म्हणाले. "चार महिने रोज वाटतेय. म्हणून तर तोंड मिटून बसलो होतो. आता मी असं करतो, आधी मी जातो, तो तुकडा काढून घेतो. तू बाहेर बस. दुखतं की नाही ते येऊन सांगतो तुला."

डॉक्टरने हातमोजे बदलले, आरसा स्पिरिटने पुसला आणि स्टूल सरकवून समोर आली. "आधी बघू तर द्या, आत्याआजी."

डुलक्याने न सांगता दिवा खाली आणला. एवढ्या उजेडात आत्या कधी कोणाच्या समोर बसली नव्हती. डोळे दिपले. तिने दोन्ही हातांनी आपला खालचा ओठ धरला, थांबली, आणि खाली ओढला.

घरातल्या सगळ्यांत बोलक्या बाईला बोलता येत नव्हतं. तिला फक्त डॉक्टरचा चेहरा दिसत होता. ती तो वाचायचा प्रयत्न करत होती आणि तो वाचू देत नव्हता. आरशाची गार कड हिरडीला लागली. एक बोट फिरलं, तिथेच जरा थांबलं, परत फिरलं. मग डॉक्टरने तिचे हात हातात घेऊन ओठ सोडायला लावला.

"किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"आहे चट्टा. आजोबांच्यापेक्षा लहान आहे. पण एका कोपऱ्याला लालसर आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो." तिने आवाजात काही लपवलं नाही. "म्हणजे वाईटच आहे असं नाही. वेळेत दाखवलंत, एवढं मी आज सांगू शकते. उद्या सकाळी दोघंही दवाखान्यात या. पण आधी तुमचं करणार."

"आधी माझं कर," दादा लगेच म्हणाले. "मोठा आहे मी."

"नाही, आजोबा."

"अगं, तिला नाही जमायचं. लहानपणी सुई बघितली की ही पलंगाखाली जायची."

डॉक्टरने आत्याकडे पाहिलं. वहिनीने पाहिलं, सूनबाईने पाहिलं, डुलक्याने चक्क डोळे पूर्ण उघडे ठेवून पाहिलं. आत्याने रुमाल कमरेला खोचला. खुर्चीचे हात धरून ती ताठ बसली.

"आधी मी," ती म्हणाली. "दादा, तू बाहेर बस. दुखलं की नाही ते मी येऊन सांगते तुला."

"मला कशाला? तू तर अख्ख्या रस्त्याला सांगशील," दादा म्हणाले, आणि खुर्चीवरचा तिचा हात त्यांनी हातात घेतला.